पळसाच्या देठांचा श्रीकृष्ण

आमच्या श्रीपाददादाला कुठल्याही गोष्टीचा निकाल लावायची भारी हौस. धाकटा भाऊ बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली, तसा त्याने त्याचाही निकाल लावला.

"शास्त्राने बारा वर्षं वाट बघायला सांगितली, शालू. बघितली. या अमावास्येला पालाशविधी."

म्हणजे पळसाच्या देठांचा माणूस रचायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. ज्याचा देह मिळत नाही, त्याचं असं करतात. पुढे तो दारात उभा राहिला तरी घराच्या लेखी मेलेलाच.

माझा तिळपापड झाला. श्रीकृष्ण लढाईत ब्रह्मदेशाकडे गेला आणि बॉम्बरसकट नाहीसा झाला. तेव्हापासून मुलींना भूगोल शिकवून उरलेल्या वेळात मी त्यालाच शोधत होते. दिल्लीला पत्रं घातली, त्याच्याबरोबरच्या वैमानिकांना गाठलं. त्याच्या शाळेत लढाईत गेलेल्या मुलांच्या नावांची शिळा बसायची होती, तीवर त्याचं नाव मीच घालू दिलं नव्हतं. सगळं त्याच्या बायकोसाठी, अरुंधतीवहिनीसाठी. लग्नानंतर एक दिवाळी तेवढी दोघांनी बरोबर काढलेली. देठ पेटले की तिचं कुंकू जाणार, आणि ते मी होऊ देणार नव्हते.

अमावास्येच्या आदल्या दिवशी पत्ता लागला. श्रीकृष्णाच्या तुकडीतला, विमानाच्या शेपटीत बंदूक घेऊन बसणारा एक गनर, हरीसिंह, देपालपुरात धान्याची आडत चालवत होता. मी पहिली मोटार पकडली.

गव्हाच्या पोत्यांमध्ये त्याने मला खुर्ची दिली. "था बेनजी, मैं उस दिन. उनके आगेवाले हवाई जहाज में. गनर का मुँह पीछे रेता है. आखिर तक देखा मैंने."

"छतरी? पॅराशूट?"

"एक भी नी खुली. जलता हुआ सीधा समंदर में गया."

"मग आम्हाला बेपत्ता का कळवलं? लिखा क्यों नहीं किसी ने?"

"लाश नी मिली, तो कागज पे और क्या लिखते?"

मी उठले. परतीच्या वाटेवर एकच विचार डोक्यात होता, आता खोटं बोलायचं. स्नेहलतागंजात घरी पोचले तर ओसरीवर पळसाचे देठ येऊन पडलेले आणि शेजारी वहिनी बसलेली. दादा भटजींकडे गेला होता.

"छतरी उघडलेली बघितली त्याने!" मी म्हणाले. "दादाला सांगू, एक साल और थांब."

वहिनीने मान वर केली नाही. "वन्सं, बारा वर्षांत मी एकदाही रडले नाहीये. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं, तर सासूबाई अंगावर धावल्या, जित्या नवऱ्याला रडतेस म्हणून. त्या गेल्या, तरी तुमची पत्रं चालूच राहिली. दर पत्राला मी नवीन बांगड्या भरायच्या. हळदीकुंकवाला बायका ओटी भरतात आणि पाठ फिरली की कुजबुजतात. बस हो गया, वन्सं. तो जिवंत आहे म्हणून मला आणखी एक वर्ष जाळू नका. खरं सांगा आणि मला रडू द्या."

तिच्या शेजारी बसून मी हरीसिंहाचा शब्द न् शब्द सांगितला. ज्या बाईचं कुंकू राखायला मी जिवाचं रान केलं, तिचं कुंकू माझ्याच तोंडाने पुसलं जात होतं.

विधीसाठी आणलेला नारळ तिने मांडीवर घेतला. त्याच्या शेंडीवरून हात फिरवत राहिली. डोळे कोरडेच. मला वाटलं, आता हिला रडताच येणार नाही.

"शिळेवर नाव घालायला सांगा," ती म्हणाली. मग, "तिकडचा समुद्र थंड असतो का हो?"

मी भूगोलाची मास्तरीण. नकाशावर शेकडो वेळा तो समुद्र मुलींना दाखवला होता.

"नाही वहिनी," मी म्हणाले. "कोमट असतो."

तेव्हा तिला रडू फुटलं. दादा भटजींना घेऊन आला तरी ती थांबली नाही, आणि या खेपेला तिला कुणी गप्प केलं नाही.