मुंगीचा अडकलेला दाखला

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली पडून असतो. बटण दाबलंत तर नुसती घरघर ऐकू येईल. पण एका मुलीबद्दल तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी शाळेत आलो तेव्हा परक्या भाषेत पास झाल्याशिवाय शाळा पूर्ण केल्याचा दाखला कुणालाच मिळत नसे. माझा थाट काय वर्णावा! भाषेच्या बाई मला मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, "याचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत." वीस वर्षं मी तीच वाक्यं न कंटाळता बोललो.

मग टेप फिरवणारा माझा आतला रबरी पट्टा सैल झाला. आवाज ओढल्यासारखा येऊ लागला. बाईंनी दुरुस्तीसाठी दोनदा अर्ज दिला. "यंदा घ्या चालवून," मुख्याध्यापक म्हणाले.

त्या वर्षी शेवटच्या बाकावर 'मुंगी' बसायची. सतत काही ना काही करत असायची, म्हणून हे नाव. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची जागा ठरली होती, फक्त दाखला हवा होता. ऐकून उत्तरं लिहायच्या परीक्षेत मी मधेच गडगडलो. शब्द शब्दात मिसळले.

"बाई, पुन्हा लावा ना," मुंगी म्हणाली.

बाईंनी बाहेरून आलेल्या परीक्षकाकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. टेप एकदाच.

मुंगी तीन गुणांनी राहिली. तिची आई बाईंसमोर रडली. "बाकी सगळ्यात पहिला वर्ग आहे हो पोरीला!" चूक यंत्राची आहे, असं बाईंनी वर कळवलं. उत्तर आलं नाही. नर्सिंगची जागा दुसरीला गेली. मुंगी दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला लागली आणि संध्याकाळी येऊन माझ्यापुढे बसू लागली. पुढच्या परीक्षेसाठी.

परीक्षेच्या आधीच सूचना लागली. परकी भाषा आता सक्तीची नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई मला ऑफिसात जमा करत होत्या, तेवढ्यात मुंगी धावत आली.

"म्हणजे आता माझा दाखला मिळेल ना?"

"नवा नियम नव्या मुलांना," कारकून म्हणाला. "तुला जुनाच. भाषेत पास व्हावं लागेल."

"मग परीक्षा कधी आहे?"

कारकुनाने कागद उलटेपालटे केले. "परीक्षा तर बंद झाली."

बाई खुर्चीत बसल्या. मुंगीनेच त्यांना पाणी आणून दिलं.

मित्रांनो, वस्तू जपा असं मी सांगणार नाही. माझं आयुष्य झालं. पण उद्या तुमच्यापैकी कुणी नियम करील, कुणी रद्द करील. सही करण्याआधी एवढंच विचारा, की जुन्या आणि नव्याच्या मधे कोण उभं आहे.

मुंगी अजून नर्सांचे पांढरे कपडे धुते. चार वर्षं झाली.