दूधआईला कागदी कप

शुक्रवारी सकाळी अलका खवणीवर नारळ खवत होती आणि तिच्यासमोर पाट घेऊन मैमूना लसूण सोलत होती. खोबरं अलकाचं, लसूण मैमूनाची, चटणी दोन्ही घरांची. शिवांगीचा जन्म झाल्यापासून शुक्रवार असाच चालला होता.

जेद्दाच्या दक्षिणेकडची ही जुनी वस्ती. राहणारे तिला नुसतं 'हारा' म्हणतात, आपण मोहल्ला म्हणू. खापरपणजोबांच्या काळी पश्चिम आफ्रिकेतून हजला आलेली काळी माणसं परत गेलीच नाहीत. त्यांनी इथे आपल्या हातांनी घरं बांधली. आता अर्धी वस्ती नव्या रस्त्यांखाली गेली आहे, पण उरलेल्या गल्लीत अजूनही कुणाकडे माणूस गेलं तर तीन दिवस त्या घरात चूल पेटू देत नाहीत. गल्लीच जेवण पोहोचवते. चिपळूणकडचा लेथ कारागीर उल्हास बायकोला घेऊन इथे आला तो स्वस्त भाड्यासाठी. मैमूनाच्या घराची वरची खोली त्याला मिळाली आणि त्या खोलीत तो म्हातारपणाला टेकला.

शिवांगी झाली तेव्हा अलका तापाने फणफणली होती. दूध आटलं. उल्हास डब्याचं दूध आणायला धावला, आणि तो परत येईपर्यंत मैमूनाने रडणारं पोर उचलून छातीशी धरलं होतं. तिचा स्वतःचा इद्रिस तेव्हा अंगावर पीत होता. एका बाजूला तो, एका बाजूला ही. हारेचा कायदा साधा आहे: जिचं दूध प्यायलात ती आई, तिची लेकरं तुमची भावंडं. इद्रिस शिवांगीचा भाऊ झाला तो कायमचा. पावाच्या दुकानात गेला की आजही दोन घरांचे पाव आणतो.

अलकाने ही गोष्ट चिपळूणला कधी कळवली नाही, आणि जेद्दातल्या मराठी मंडळींना तर नाहीच. आपली माणसं समुद्र ओलांडतात, बरोबर लोणच्याच्या बरण्या आणतात आणि जातही आणतात. विमानतळावर बरणी उघडून बघतात, जात कुणी उघडून बघत नाही.

त्या शुक्रवारी चटणी वाटता वाटता फोन आला. रियाधच्या यज्ञेशचं स्थळ. मुलगा बँकेत, घर पुण्याचं, आईवडील चार दिवसांत जेद्दाला येऊन मुलगी बघणार. अलकाला आनंद झाला तसा घामही फुटला.

"पत्ता विचारतायत," ती उल्हासला म्हणाली. "हा पत्ता कसा देऊ?"

"हाच पत्ता हाय, तर हाच दे," उल्हास म्हणाला.

पण अलकाने तो दिला नाही. शहरातल्या अझीझिया भागात राहणारी तिची मैत्रीण संपदा सुट्टीवर निघाली होती. तिच्याकडून तिने फ्लॅटची किल्ली मागून घेतली. मुलगी बघायची, पण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या सोफ्यावर. असला उद्योग आपल्याशिवाय कुणाला सुचेल?

मैमूनाला हे कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पंचवीस वर्षांत ती अलकाचीच मराठी शिकली होती. "माझी पोर बघूक येतात नि मी घरात बसू? मी येणार."

अलका तिच्याकडे न बघता म्हणाली, "ये. पण... कामाला आहेस असं सांगू या का? एवढा एक दिवस?"

मैमूनाने कमरेवरचे हात खाली घेतले आणि म्हणाली, "खलास, ठरलं. एक दिवस कामवाली."

शिवांगी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. ती संध्याकाळी घरी आल्यावर भडकली. "मम्मी, धिस इज शेमफुल." पण अलका रडायला लागली, मैमूनाने डोळ्यांनी खूण केली, आणि शिवांगी गप्प बसली. तिने गप्प बसायला नको होतं.

संपदाच्या फ्लॅटमध्ये यज्ञेशची आई निवेदिताबाई सोफ्याच्या टोकाशी बसल्या. त्यांचे यजमान चंद्रशेखर घड्याळ बघत होते, यज्ञेश शिवांगीकडे बघून हसत होता. मुलगा हसरा होता, खोटं कशाला बोलायचं. मैमूना चहाचा ट्रे घेऊन आली, तशी निवेदिताबाईंनी पदर आवरून घेतला.

"ही कायमची आहे का तुमच्याकडे?" त्यांनी मराठीत विचारलं. समोरचीला मराठी कळेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "स्वयंपाकाला हात लावते?"

"नाही, नाही," अलका म्हणाली. "वरकामाला."

"भांडी वेगळी ठेवता ना हिची? मी रियाधला असल्यांना कागदी कपच देते. धुवायची कटकट नको." मग शिवांगीकडे वळून म्हणाल्या, "रंग जरा सावळाच आहे, पण चेहऱ्यावर तेज आहे हो. काय खायला-प्यायला घातलंत लहानपणी?"

अलकाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं. इतकंच करून थांबली असती तरी चाललं असतं. पण निवेदिताबाई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या, म्हणून ती उठली, ओट्यावरचा कागदी कप काढला, त्यात चहा ओतला आणि आपल्या हाताने मैमूनाला दिला. ज्या बाईने तिची मुलगी जगवली, तिला.

मैमूनाने तो चहा दाराशी उभं राहून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. "शुक्रन, मॅडम," तिने अलकाचे अरबीत आभार मानले.

परत येताना गाडी इद्रिस चालवत होता. मागच्या सीटवर तिघी होत्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. त्या गाडीत शिवांगीचं जळत होतं, आणि ते विझू द्यायचं नाही असं तिने ठरवलं.

आठवड्याने रियाधहून होकार आला. त्यांना साखरपुडा लगेच हवा होता.

"हो सांग," शिवांगी आईला म्हणाली. "पण साखरपुडा आपल्या खऱ्या घरी. खाली, मैमूनाखालाच्या बैठकीत. नाहीतर मी येणार नाही."

"तुला लग्न मोडायचंय का गो?"

"मला त्यांना चहा पाजायचाय."

अलकाने डोकं आपटलं, उल्हासला बोलायला लावलं. उल्हास बोलला, पण लेकीच्या बाजूने. शिवांगीने स्वतः यज्ञेशला पत्ता पाठवला. मग ती गल्लीतल्या प्रत्येक दारात गेली आणि अझीझियात काय झालं ते तिने एकूणएक सांगितलं. मैमूनाने ते कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकून बायका शांतपणे मान हलवत होत्या.

साखरपुड्याच्या दिवशी रियाधकरांची गाडी गल्लीत शिरेना. निवेदिताबाई साडी सावरत, नाक मुरडत चालत आल्या. चंद्रशेखरांच्या हातात ओटीचं ताट होतं. बैठकीत गल्लीतल्या बायका रंगीत झगे आणि डोईवर उंच बांधलेली वस्त्रं घालून बसल्या होत्या. मधल्या सोफ्यावर, मानाच्या जागी, मैमूना होती.

शिवांगी चहा घेऊन आली. मैमूनाला सोनेरी काठाचा काचेचा पेला. गल्लीतल्या प्रत्येक बाईला तसाच पेला. उल्हासला पेला. मग ती पाहुण्यांपुढे वाकली आणि तिघांच्या हातात तिने तीन कागदी कप दिले.

निवेदिताबाईंनी कपाकडे बघितलं, मग आजूबाजूला. "पेले कमी पडले का गं?"

"नाही काकू, भरपूर आहेत. तुमची भांडी वेगळी ठेवली. धुवायची कटकट नको."

निवेदिताबाई लालबुंद झाल्या. त्या अलकाकडे वळल्या. "अलकाताई, हा काय चावटपणा? आणि ही तर तुमची कामवाली ना? सोफ्यावर कशी?"

तोच प्रश्न, तीच माणसं. सगळी बैठक अलकाच्या तोंडाकडे बघत होती. अलकाने हात पदरात गुंडाळले.

"कामवाली नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते. ते घरही आमचं नव्हतं. ही मैमूना. माझ्या अंगावर दूध नव्हतं तेव्हा हिने शिवांगीला पाजलंय. तुम्ही विचारलं होतंत ना, लहानपणी काय प्यायला घातलं? हिचं दूध. ते तेज हिचं आहे. ही तुमची विहीण. ओटी भरायची तर आधी हिची भरा."

"म्हणजे मुलीच्या अंगात..." निवेदिताबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं.

"बोला ना पुढे," मैमूना मराठीत म्हणाली. "मला कळतं. त्या दिवशीपन कळत होतं."

चंद्रशेखरांच्या हातातलं ताट कललं आणि तांदूळ सांडले. त्या दिवशी आपण काय काय बोललो ते आठवताना निवेदिताबाईंचा चेहरा पांढरा पडत गेला. शिवांगीने तो डोळे भरून पाहिला. तिला ते सुख हवंच होतं आणि तिने ते लपवलं नाही.

"शिवांगी, धिस वॉज नॉट नेसेसरी," यज्ञेश म्हणाला. "नंतर शांतपणे बोलू ना आपण."

"नंतर नको. तुझी आई ओटी भरणार नसेल तर तू नमस्कार कर हिला. इथे, सगळ्यांसमोर."

यज्ञेशने आईकडे बघितलं. मग बुटांकडे. आता त्याला हसू येत नव्हतं. त्याने कागदी कप खाली ठेवला, न पिता. शिवांगीने त्यांनी होकाराबरोबर पाठवलेली साडी आणून त्याच्या मांडीवर ठेवली आणि दाराचा पडदा बाजूला धरला.

गल्लीत प्रत्येक दारात आता घरी थांबलेली एक लेक नाहीतर सून उभी होती, आणि प्रत्येकीच्या हातात कागदी कप होता. भरलेला, वाफाळता. हारेतून पाहुणा कोरड्या तोंडाने जाऊ देत नाहीत. कुणी शिवी दिली नाही, कुणी वाट अडवली नाही. त्या फक्त कप पुढे करत होत्या. निवेदिताबाई मान खाली घालून गाडीपर्यंत चालल्या, आणि ती गल्ली फार लांब आहे.

आठ दिवसांत मराठी मंडळाच्या ग्रुपवरून अलकाचं नाव गेलं. सूड वाईट, असं शहाणी माणसं म्हणतात. म्हणोत बापडी. कागदी कप त्यांच्या हातात कधी कुणी दिलेला नसतो.

पण गोष्ट त्या दारात संपली नाही. पाहुणे गेल्यावर अलकाने सांडलेले तांदूळ वेचले, घरातला नारळ घेतला आणि ती मैमूनाची ओटी भरायला गुडघ्यांवर बसली. मैमूनाने तिचा हात धरून थांबवला.

"त्या बाईचं झालं," ती म्हणाली. "तुझं राहिलंय. कप तिने नव्हता दिला मला. तू दिलास."

तिने यज्ञेशचा न प्यालेला कप उचलला आणि अलकापुढे धरला. चहा गार झाला होता, वर साय धरली होती. उल्हास काही बोलायला गेला, शिवांगीने त्याला अडवलं. अलकाने कप घेतला. ती दाराशी जाऊन उभी राहिली, जिथे मैमूना त्या दिवशी उभी होती तशीच, आणि सगळ्या बायकांदेखत तिने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मग मैमूनाने पदर पसरावा तसा आपल्या झग्याचा घोळ पुढे केला. "आता भर."

तुमच्या ओट्याखालीही एक कप आहे. कानतुटका असेल, कागदी असेल, खिडकीत वेगळा पालथा घातलेला असेल. तो कुणाचा आहे हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आज संध्याकाळचा चहा त्यात घ्या, आणि ज्याचा कप आहे त्याच्या समोर उभं राहून घ्या.