तहानलेला उंदीर

"धावून नाही राहिला जी हा," सेवकराम म्हणाला.

"दिसून राहिलं मलेही," रचना चिडून म्हणाली.

थर्माकोलचा मोठा गोळा हवेच्या झोतावर तरंगत होता आणि त्यावर, डोकं पट्टीत अडकवलेला पांढरा उंदीर ढिम्म बसला होता. भोवती अर्धगोल पडदा, पडद्यावर प्रोजेक्टरने उभी केलेली गल्ली. उंदराने पाय हलवले की गोळा फिरायचा आणि गल्ली पुढे सरकायची. टोकाला पोचला की तोंडाशी पाण्याचा थेंब. उंदराच्या मेंदूत रस्ता कसा साठतो ते पाहायला हे खोटं जग गोंदियाच्या कॉलेजात उभं करण्यात चिचगडच्या रचनाची तीन वर्षं गेली होती. मागच्या आठवड्यापर्यंत उंदीर धावत होता. उद्या काम तपासायला समिती येणार होती, आणि तो धावला नाही तर खोलीला कुलूप लागणार होतं.

तिने उंदराला काट्यावर ठेवलं. "वजन घटाले पाहिजे, हे तर वाढलं. काका, याले पाणी कोण पाजते?"

सेवकराम पिंजरे धुणारा रोजंदारीचा माणूस. खोटं बोलणं त्याला जमत नसे. जमलं असतं तर एव्हाना कायम झाला असता.

"मीच जी. ऊन वाढलं तसं रोज सांजेले पाजून राहिलो."

"काऊन? तहान नसली तर थेंबासाठी तो धावल कायले? मोजून पाणी मी देते ना त्याले! मरत नाही तो!"

"डॉक्टरबी असंच बोलले होते."

"कोणते डॉक्टर?"

"नागपूरचे. शामकलाचं ऑपरेशन झालं तवा. घोटभरही देऊ नका म्हणे. रातभर पाणी मांगत होती ती. मी नाही नाही करत राहिलो. सकाळी गेली."

बायको पाण्याने वाचली नसती, हे सेवकरामला कळत होतं. डॉक्टरांवर त्याचा रागही नव्हता. पण ती तहानलेली गेली आणि पेला आपल्याच हाताशी होता, हे काही केल्या विसरवत नव्हतं.

रचनाचा राग ओसरला, पण समिती टळणार नव्हती. "आज पिंजरा मी पाहते. तुम्ही घरी जा काका," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उंदीर धावला. नसलेल्या गल्लीतून पळत सुटला, थेंब चाटला, पुन्हा पळाला. समितीतल्या पोक्त माणसांनी पोरासोरांसारख्या टाळ्या वाजवल्या. सेवकरामने दारातून क्षणभर पाहिलं आणि मान फिरवली.

पाहुणे गेल्यावर रचना व्हरांड्यात आली. "काम पुढं चालू राहणार, काका. मी कोणाले काही सांगितलं नाही. उद्यापासून पिंजरे तुम्हीच पाहा."

"बेस झालं जी," तो मनापासून म्हणाला. "पण तिथं दुसरा माणूस ठेवा."

"काऊन?"

"माह्या हातून पुन्हा तेच होईल."

त्या खोलीवाचून त्याला कॉलेजात दुसरं काम नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. सेवकरामने पाहुण्यांच्या कपबशा गोळा केल्या आणि धुवायला नळावर नेल्या.