शंभर हेक्टर आणि शेवंताबाईची बांधी

ठराव क्र. ७

गावतलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, खालून फुटलं आहे. दार बंद केलं तरी पाणी वाहतंच. असंच वाहिलं तर धान लोंबीवर येताना तलाव रिता असेल. दुरुस्तीची मागणी करावी.
सूचक: परसराम. अनुमोदक: भुपेंद्र. सरपंच शेवंताबाई यांची सही. सर्वानुमते मंजूर.

उत्तर, लहान तलावांच्या ऑफिसातून

शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव आमचे. आपला तलाव शंभर हेक्टर चाळीस आर भिजवतो. सबब तो मोठ्या ऑफिसचा.

उत्तर, मोठ्या तलावांच्या ऑफिसातून

शंभरावरचे चाळीस आर केवळ गळतीच्या पाण्याने भिजतात. दुरुस्ती होताच ते कोरडे होतील व तलाव लहान होईल. दुसऱ्याच्या तलावावर खर्च करता येत नाही.

पुन्हा लहान ऑफिस

सहमत. दुरुस्ती झाल्यावर तलाव आमच्याकडे येईल. त्यानंतर दुरुस्तीचा प्रस्ताव अवश्य पाठवावा.

ग्रामसेवक मधुकररावांनी तिन्ही पत्रं मोठ्याने वाचली.

"म्हणजे पहिले बनवाचं, मंग बनवासाठी अर्ज कराचा?" म्हाताऱ्या देवाजीने विचारलं.

"हो."

"मंग दुसऱ्या बारीले काय बनवाचं?"

"पहिल्या बारीले बनवलं तेच."

मग सगळे छताच्या पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता. पण ते चाळीस आर कोणाचे, हे तोंडाने कोणाला बोलायचं नव्हतं.

ते सरपंचबाईचे होते. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, खालची एकच बांधी, धानाचं एक खाचर. तीन वर्षांपूर्वी तिथे गवतही धड उगवत नसे. तुडूम फुटलं आणि धान यायला लागलं. शेवंताबाईकडे दुसरी जमीन नाही.

समन्वय बैठक, भंडारा

टेबलावर जुन्या, अखंड जिल्ह्याचा नकाशा. गोंदियाकडचा भाग दुमडून खाली दाबलेला, वर चहाचे कप. मधोमध विकास मंडळाचे साहेब.

"पैसा मंडळ देईल," साहेब म्हणाले. "फक्त तलाव कोणाचा ते ठरू द्या. दोन्ही ऑफिसं मिळून पाहणी करतील. बांधी कोरडी, तर तलाव लहान. ओली, तर मोठा."

"आन अर्धी ओली असन तं?" शेवंताबाईने विचारलं.

"अर्ध्याची तरतूद नाही."

पाहणीआधीचे दिवस

मोठं ऑफिस दुरुस्ती करणार नाही हे लिहूनच आलं होतं. तेव्हा तलाव लहान करणं भाग होतं. शेवंताबाई तलावात उतरली, तुडमाच्या फुटलेल्या जागी तणस आणि चिकणमाती भरलेला बोरा, गोणपाटाचं पोतं, कोंबला. पाणी थांबलं.

"बाई, आपलीच बांधी मारून राहिल्या तुमी," देवाजी म्हणाला.

"मारून नाही राहिली. पाहणीपुरती झोपवून राहिली."

धान पोटरीत आलेलं होतं. नवव्या दिवशी बांधीला भेगा पडल्या.

पाहणी

लहान ऑफिसच्या इंजिनिअरने बांधीत बूट आपटला. धूळ उडाली. मोठ्या ऑफिसच्या इंजिनिअरने तलावाला नमस्कार केला, सही केली आणि मोकळ्या मनाने जीपमध्ये जाऊन झोपला. तलाव लहान झाला. गावाने टाळ्या वाजवल्या.

मग लहान इंजिनिअर तुडमाजवळ गेला. वाकून पाहिलं. लिहिलं: गळती आढळली नाही. दुरुस्तीची आवश्यकता नाही.

"साहेब, आत माहा बोरा हाये!"

"तो काढू नका."

"काहून?"

"काढला तर तलाव मोठा होईल." त्याने पेनाने जीपमधल्या झोपलेल्या माणसाकडे खूण केली. "त्यांना पुन्हा उठवावं लागेल."

ऐनवेळी आलेले विषय

बोरा सारखा सरकतो. दगड ठेवून पाहिला, दगड घसरला. चौकीदार मागितला. उत्तर आलं की, गळती नसलेल्या तलावाला गळती धरणारा माणूस देता येत नाही.

बोऱ्यावर उभं कोणी राहावं?
सूचक: नाही. अनुमोदक: नाही.
पहिली पाळी: शेवंताबाई. दुसरी पाळी: शेवंताबाई.

तेव्हापासून पंचायतीच्या सभा तलावाच्या पाळीवर भरतात. सरपंच कमरेइतक्या पाण्यात, एक टाच बोऱ्यावर. सह्यांचे कागद परसराम काठीला बांधून पोचवतो. पाळीपलीकडे शंभर हेक्टर हिरवे आहेत. त्यांच्या अलीकडे चाळीस आर पिवळे.

आज सभा चालू असताना तिची लेक गुड्डी बांधीतून ओरडली, "माय, धान जाऊन राह्यलं! टाच उचल न थोडीशी!"

देवाजीचं सगळं धान त्या शंभरात होतं. त्याने तोंड फिरवलं, सिहोऱ्याच्या रस्त्याकडे बघत बसला.

"मी तं काईच पाहून नाही राहिलो," तो म्हणाला.

मग परसरामानेही तोंड फिरवलं. मग भुपेंद्रने. एकेक करून अख्खी ग्रामपंचायत पाठमोरी झाली.

शेवंताबाईने टाच उचलली.

पाणी जाताना ऐकू येत होतं. कोणी वळलं नाही. तासाभराने तिने टाच परत टेकवली आणि पुढचा विषय विचारला.

मधुकररावांचं पेन अडलं होतं. "बाई, या घंट्याचं कार्यवृत्तात काय लिवू?"

"लिवा," शेवंताबाई म्हणाली, "सरपंच घंटाभर मोठ्या ऑफिसात होत्या."