सुलेमीच्या डोक्यावरची छत्री

मी छत्री बोलतेय. पावसाची नव्हे, उन्हाची. बाहेरून जांभळी, आतून चंदेरी, काठाला झालर. मेक्सिकोतल्या मेरिदाच्या बाजारात माझ्यासारख्या पन्नासजणी टांगलेल्या होत्या. त्यांतून दोन्या लिगियांनी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत लिगियाबाईंनी, मला काढलं, उघडून सूर्याकडे धरलं आणि एक किरणही आत येत नाही हे बघून मान डोलावली. गुणांची अशी पारख झाल्यावर कुणाच्या डोक्यात हवा जाणार नाही?

मला घेतलं त्यांच्या नातीसाठी. सुलेमी तेव्हा सात वर्षांची होती. आई कांकूनच्या हॉटेलात कामाला, पंधरा दिवसांतून एकदा येणारी. त्यामुळे घरात राज्य आजीचं, आणि कारभार दोन कलमी. पोर उपाशी राहता कामा नये आणि पोर काळी पडता कामा नये.

पहिलं कलम स्वयंपाकघराने सांभाळलं. सकाळी घेवड्याचं सारण भरून तळलेल्या मक्याच्या पोळ्या, म्हणजे पानुचो, दुपारी जेवणाबरोबर कोला, संध्याकाळी चौकातली चीज भरलेली कुरकुरीत मार्केसिता आणि ती घशाखाली उतरावी म्हणून परत कोला. पोर गुटगुटीत झाली की शेजारणी कौतुक करायच्या, आणि कौतुक झालं की आजी आणखी वाढायच्या.

दुसरं कलम माझ्याकडे होतं. शाळा दोनशे पावलांवर. तेवढी पावलं माझ्याखाली चालली की सुलेमी उरलेला दिवस पडदे ओढलेल्या खोलीत, खुंट्यांना टांगलेल्या झोळीत पडून, हातात फोन घेऊन काढायची. मुलं खेळायला बोलवायची, तर आजी दारातूनच सांगायच्या, "ऊन उतरू दे. काळी ठिक्कर पडशील." ऊन उतरलं की डास यायचे, मग डासांमुळे नाही. ज्या गावात ऊन पोत्याने मिळतं तिथे एका पोरीला मी ते चिमूटभरही मिळू दिलं नाही, आणि याला मी कर्तबगारी समजत होते.

सुलेमी दहाची झाली. तिला एकच ध्यास होता, शाळेच्या जत्रेत हारानाच्या नाचात पहिल्या रांगेत उभं राहायचं. डोक्यावर ताटली, ताटलीत पाण्याने भरलेले पेले, आणि एक थेंब न सांडता नाचायचं. पोरीची मान अशी स्थिर की पाणी हलायचंसुद्धा नाही. दम मात्र दुसऱ्या फेरीलाच संपायचा. पाय दुखतात म्हणायची. वाढीचं वय आहे, असं आजींचं निदान. शेवटी शाळेच्या बाईंनीच तिला दवाखान्यात पाठवलं.

तिथे नर्सने रक्तदाब मोजायला लहान मुलांचा पट्टा काढला. तो दंडाला पुरेना, म्हणून मोठ्यांचा आणला. आजींनी बाकावरच्या बायकांकडे अभिमानाने पाहिलं. रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टर कानुलबाई हसल्या नाहीत. रक्तदाब चाळिशीच्या बाईला शोभेल असा, रक्तात चरबी जास्त, आणि ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. आतापासून हे असंच चाललं, तर हृदयावरचा भार वयाबरोबर वाढत जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"नुसत्या ड जीवनसत्त्वाच्या थेंबांनी हृदय सुधारेल असं मी म्हणत नाही, दोन्या लिगिया," त्या म्हणाल्या. "थेंब द्या, पण कोला बंद करा आणि हिला रोज सकाळी उन्हात चालवा. मेरिदात राहून पोरीला ऊन मिळत नाही म्हणजे काय?"

मी आजींच्या मांडीवर अंग चोरून बसले होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

आजी मोठ्या आज्ञाधारक. थेंब तेलकट लागतात म्हणून त्यांनी ते कोलात घालून दिले, औषध पोटात गेल्याशी मतलब. आणि रोज सकाळी नातीला उन्हात चालवलं, मला उघडून तिच्या डोक्यावर धरून. तीन महिने. दुसऱ्या तपासणीत आकडे जागचे हलले नव्हते.

कानुलबाईंनी दोघींना येताना खिडकीतून पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही कशाला?"

आजींनी माझी झालर चिमटीत धरली. मग म्हणाल्या, "मी शाळेत असताना सगळ्यांत चांगला हाराना माझा होता. बाईंनी मला मागच्या रांगेत टाकलं, फोटोत काळी दिसते म्हणून. हिला कुणी मागे ढकलू नये."

इतके दिवस मी या बाईला मनातल्या मनात हसत होते. त्या दिवशी मला हसू आलं नाही. लाज वाटली.

"पुढे उभी राहील ती," कानुलबाई म्हणाल्या, "पण उभं राहायला दम तर हवा."

कोला खरोखर बंद झाला. थेंब चमच्यातून जाऊ लागले. चालणंही वाढलं. फक्त मी सुटले नाही. सवय आजींची होती, आणि माझीही.

जत्रेचा दिवस आला. सकाळचे दहा, पटांगणावर रणरणतं ऊन. सुलेमी पहिल्या रांगेत, डोक्यावर ताटली. दुसरी फेरी झाली, तिसरी लागली. तिचा चेहरा तापून लाल झालेला पाहून आजींना राहवेना. त्या उठल्या, रांगेकडे निघाल्या आणि त्यांनी माझं बटण दाबलं.

मी उघडले नाही. स्प्रिंगला गंज होता, हे खरं. पण मी जोर लावला असता तर उघडू शकले असते, हेही खरं.

आजींनी तीनदा दाबलं. मग त्या मला मिटलेलीच हातात धरून भर उन्हात उभ्या राहिल्या. तिसरी फेरी पूर्ण झाली. सुलेमी धापा टाकत होती, पण पेल्यातलं पाणी सांडलं नव्हतं. ती घामाघूम होऊन आजीपाशी आली.

"आजी, काळी झाले का गं मी?"

"झालीस," आजी म्हणाल्या. "पहिल्या रांगेत उभी राहून झालीस."

आता मी झोळीच्या खुंटीशेजारी टांगलेली असते. रक्तदाबाचा आकडा अजून जास्तच आहे, फक्त थोडा खाली सरकलाय. सकाळी दोघी बाहेर पडतात तेव्हा आजींचा हात अजून माझ्याकडे येतो आणि परत जातो. छत्र्या दुरुस्त करणारा कधी या गल्लीत आलाच, तर त्याला सांगा, या घरात छत्री नाही.