मरळींची तडीपारी

अठरा वर्षं मी या इस्पितळाच्या बागेत माळी आहे, आणि माझ्याइतका आगाऊ माळी या इमारतीने पाहिला नसेल. तळ्यातल्या चार मरळी मीच हाकलल्या. हाताएवढे दांडगे शिकारी मासे ते. रुग्ण ज्यांना कौतुकाने बघत, त्या पिटुकल्या माशांना गट्टम करायचे. मला बघवेना. जाळं टाकून चौघींना पकडलं आणि बाजारात मासे विकणाऱ्या ताईच्या हवाली केलं.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी असं हिरवंगार झालं की वीतभर खोल बुडवलेली बादलीही दिसेना. वास तर विचारूच नका. मी तुरटी फिरवली, शेवाळ गाळलं, अर्धं तळं उपसून भरलं. आठ दिवसांत ये रे माझ्या मागल्या. शेवटी मॅनेजर नाकाला रुमाल लावून आले.

"दोन महिन्यांत तळ दिसला नाही, तर तळं बुजवू. गाड्या तरी लागतील."

 हे तळं मी स्वतःच्या हातांनी खणलं होतं.

ताईला बोलावलं. ती चपला काढून सरळ पाण्यात उतरली आणि ग्लास भरून उजेडात धरला.

"यात एकही पाणपिसू नाही," ती म्हणाली. "माझ्या टाक्यांत ढिगाने असतात. टिंबाएवढ्या, उड्या मारत फिरतात आणि दिवसभर हिरवं खातात."

"मग इथल्या कुठे गेल्या?"

"तुझ्या लाडक्यांच्या पोटात. त्या पिटुकल्यांना खाणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते वाढले बेसुमार. गुंड समजून पोलिसांनाच तडीपार केलंस, शहाण्या."

मला राग आला, कारण ती खरं बोलत होती.

आम्ही दोघांनी जाळं ओढून निम्म्याहून जास्त पिटुकले मासे तिच्या टाक्यांत हलवले. तिने सहा मरळी सोडल्या आणि बादलीभर पाणपिसवा ओतल्या. पहिला आठवडा वाईट गेला. माझे लाल शेपटीवाले पिटुकले एकेक करून नाहीसे होत होते आणि मी ताईशी धड बोलत नव्हतो. तिसऱ्या आठवड्यात ग्लास बुडवला, तर आत टिंबं उड्या मारत होती. मी तो ग्लास वॉर्डभर दाखवत फिरलो. नर्सबाईंनी मला हाकललं.

ठरल्या दिवशी मॅनेजर ठेकेदाराला घेऊन आले. ठेकेदाराने टेप काढली. मॅनेजर काठावर वाकले आणि वाकलेलेच राहिले. तळाचा गोटा न् गोटा दिसत होता.

"कुठलं औषध घातलंत?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात त्यांच्या पायाशी पाणी उसळलं. एका मरळीने पिटुकला मासा उचलला आणि साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली.

"हे औषध," मी म्हणालो.

त्यांनी भिजल्या विजारीकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग ठेकेदाराला म्हणाले, "टेप गुंडाळा." पूर्वी मी जाळं घेऊन त्या मरळीमागे धावलो असतो. आज मी टाळ्या वाजवल्या, आणि वरच्या गच्चीतून रुग्णांनीही.