सोळावा पाय

"हा माझ्या हातचा आहे!" थिमियोसने संग्रहालयातल्या काचपेटीवर बोट आपटलं. "खरा कलश कुठे गेला?"

पहाऱ्याच्या खुर्चीवरून अर्गिरो धावत आली. "बाबा, हळू! लोक बघतायत."

"बघू देत. कलशावरच्या घोड्यांचे पाय मोज. चार घोडे, सोळा पाय. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या चिताऱ्याने पंधराच काढले होते, एक विसरला लेकाचा. मला ते बघवायचं नाही. चाळीस वर्षं नकला केल्या, प्रत्येकीत सोळावा घातला. आणि ह्याच्यावर सोळा आहेत!"

अर्गिरोने मोजले. एकमेकांत गुंतलेले काळे पाय पंधरा भरले. पुन्हा मोजले, तर सोळा. संग्रहालयाच्या प्रमुख एवगेनियाबाई चष्मा सावरत आल्या. त्यांचे चौदाच झाले. तिकीटवाला लाम्ब्रोस सतरा म्हणाला आणि सगळ्यांच्या शिव्या खाऊन गप्प बसला.

"अथेन्सला कळवावं लागेल," एवगेनियाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आधी बूड बघू."

नक्कल केली की बुडाच्या ओल्या मातीत अंगठा उमटवायचा, ही इथल्या कुंभारांची रीत. थिमियोसने ती कधी चुकवली नव्हती.

अर्गिरो किल्ल्या शोधू लागली. गेल्या आठवड्यात बाबांनी भट्टी पेटवून दिवसभर राखली होती आणि आत एकही भांडं नव्हतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पनागिया, मेरीमाते, चोरी झालेली असू दे, ती मनात म्हणाली. माझी नोकरी जाऊ दे, पण बाबा खरे ठरू देत.

एवगेनियाबाईंनी हातमोजे घालून कलश उलटा केला. बुडावर जुन्या मालकाने खरवडलेली दोन अक्षरं होती. अंगठा नव्हता.

"खरा आहे! देवा, खराच आहे!" बाईंनी तीनदा छातीवर क्रुसाची खूण केली. लाम्ब्रोसने टाळ्या वाजवल्या. अर्गिरोला रडू फुटलं.

थिमियोसने वाकून बूड पाहिलं. मग टोपी काढून तो लेकीजवळ आला.

"रडतेस काय, पोरी? चोरी निघाली असती तर आळ तुझ्यावर आला असता. बरं झालं, मीच चुकलो."

त्याने आवाज खाली आणला.

"किती दिवस चुकतोय गं मी?"

"आजच, बाबा," अर्गिरो म्हणाली. "आज पहिल्यांदाच."